शून्य दाखवायचं की लुकलुकायचं

रत्ना,

तू मला ओळखलं नाहीस, हा राग मी शेवटचे काही महिने मनात धरून बसले होते. तू गेलीस की तो आपोआप निवळेल असं वाटलं होतं. नाही निवळला. वैकुंठ स्मशानभूमीत तुझी माणसं पांढरे कपडे घालून उभी होती, भन्ते त्रिशरण-पंचशील म्हणत होते, प्रकाशभाऊ भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होते, आणि मी हात जोडून मनातल्या मनात तुला बोल लावत होते. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण भांडल्याशिवाय आपलं बोलणं कधी सुरू तरी झालं होतं का?

प्रकाशभाऊंनी पेपरात दिलेल्या चौकटीत तुझं गाव, शिक्षण, नोकरी, सगळं आलंय. त्यात पेटीचं नाव नाही. नवऱ्याला बायकोची नोकरी आठवते, तिचा उद्योग आठवत नाही, असं तू म्हणाली असतीस आणि ते बिचारे हसले असते. म्हणून पेटीचं मी लिहिते आहे.

भोसरीच्या ज्या कंपनीत आपण शेजारी शेजारी मीटर तपासायला बसायचो, तिनं बाहेरचा माल स्वस्तात येऊ लागल्यावर एकेकाला नारळ द्यायला सुरुवात केली. आपला नंबर यायच्या आत आपणच बाहेर पडू, ही कल्पना तुझी. टोकन-पेटी करू, ही पण तुझीच. दवाखान्यात, बँकेत भिंतीवर टांगायची पेटी, बटण दाबलं की पुढचा नंबर लाल आकड्यांत उजळणारी. मी तुला उंटावरून शेळ्या हाकतेस म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याबरोबर खोली बघायला आले.

पहिली खोली शनिवार पेठेत होती. मालकांनी माझं आडनाव विचारलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. मग तुझं विचारलं. तू सांगितलंस. त्यांनी "म्हणजे नागपूरकडचे का? म्हणजे मूळचे कोण?" असं गोल गोल फिरायला सुरुवात केली. मी विषय बदलणार तेवढ्यात तू म्हणालीस, "बौद्ध आहोत आम्ही. आता विचारा पुढचं." पुढचं त्यांनी काही विचारलं नाही. कळवतो म्हणाले, ते अजून कळवतायत.

रस्त्यावर आल्यावर मी चिडून म्हटलं, गप्प राहिली असतीस तर खोली हातची गेली नसती. तू चपलेचा अंगठा नीट करत होतीस. मान वर न करता म्हणालीस की खोली मिळाली असती, आणि मग रोज जिना चढताना मी स्वतःलाच विचारलं असतं, आज यांना कळलं असेल का. मला तेव्हा ते फारसं उमगलं नाही. मला खोली हवी होती.

ती आपल्याला कसब्यात तांबट आळीत मिळाली. खाली तांबटकाकांचं दुकान आणि ठोक्यांचा कारखाना, वर आपण. काकांनी आडनाव विचारलंच नाही. म्हणाले, "आवाज चालणार असेल तर या. मागाहून तक्रार चालणार नाही." आपण मान डोलावली आणि महिन्याभरात तक्रार घेऊन त्यांच्याकडे गेलो.

ती आपली पहिली पेटी. तपकीर गल्लीतल्या सुट्या भागांच्या दुकानांतून चिपा आणून तू पाटीवर जोडल्या होत्यास. बटण एकदा दाबलं की नंबर एकनं पुढे जायला हवा, तो कधी दोननं, कधी चारानं उडी मारायचा. मंडईजवळच्या ज्या डॉक्टरांनी पेटी मागितली होती, त्यांचे कंपाउंडर नाना रोज निरोप पाठवत होते. आपण सगळं उसवून पुन्हा जोडलं. तारा बदलल्या, चिपा बदलल्या. शेवटी आपल्या दोघींच्या डिप्लोम्यातून एकच शहाणपण निघालं, की खाली ठोके पडतात, वरची फळी हादरते, आणि त्या हादऱ्यानं पेटी चुकते. तू खाली गेलीस आणि काकांना थोडा वेळ हातोडा थांबवायला सांगितलंस. काका थांबले. आळीतले दुसरेही त्यांच्या सांगण्यावरून थांबले. कसब्यात एवढी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. तू बटण दाबलंस आणि पेटी सातावरून दहावर गेली.

काका जिना चढून वर आले, कमरेवर हात ठेवून पेटीकडे बघितलं, आणि म्हणाले, "आता आमचा गुन्हा काय ते सांगा." आपण दोघी खाली माना घालून उभ्या. ते गेले आणि पुन्हा ठोके सुरू झाले. पण तू पाटीकडे वळली नाहीस. खिडकीत जाऊन ऐकत राहिलीस. इतके दिवस आपण तो आवाज नुसता सोसत होतो, त्या दिवशी तू तो ऐकलास. मग मला जवळ बोलावलंस आणि विचारलंस, "सुलभा, हातोडा एकदाच पडून राहिला का गं?"

तो एकदा पडत नव्हता. मोठा ठोका, आणि त्याच्या पाठोपाठ हातोड्याच्या स्वतःच्या दोन-तीन बारीक उड्या. आपल्या बटणातली पत्र्याची पट्टीही तशीच आपटत होती आणि उड्या मारत होती. आपल्याला दाबणं एकच वाटायचं, पेटीला प्रत्येक उडी वेगळी दिसायची आणि ती इमानानं मोजायची. चूक तिची नव्हतीच.

त्यावरचा उपाय डिप्लोम्यात दोघींनी पाठ केला होता आणि परीक्षेनंतर दोघींनी सोडून दिला होता. फ्लिपफ्लॉप. बटण आणि पेटीच्या मध्ये एक फ्लिपफ्लॉप टाकायचा. पट्टीचा पहिला स्पर्श झाला की तो एका बाजूला पडतो, आणि पुढच्या उड्यांना दाद देत नाही. बोट उचलून पट्टी परत तिच्या मूळ जागी टेकेपर्यंत तो आपल्या म्हणण्यावर ठाम. त्या संध्याकाळी पेटी एक, दोन, तीन, चार अशी नीट चालली आणि तू काकांना पेढे नेऊन दिलेस. दवाखान्याची पितळी टोकनं आपण त्यांच्याकडूनच करून घेतली. अपमानाची भरपाई, असं ते सगळ्यांना सांगत.

पुढे कामाला दोन मुली आल्या. त्यांना तू फ्लिपफ्लॉप शिकवलास तो दिवस मी तुला शेवटच्या महिन्यांत इतक्यांदा सांगितला आहे, की आता तो मला माझा कमी आणि तुझा जास्त वाटतो. आज शेवटचा सांगते.

त्या मुलींना जोडणी कळत होती, साठवण कळत नव्हती. चिपेत दोन गेट, म्हणजे चालू किंवा बंद होणारी दोन दारं असतात, हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्यातून निघणारी तार दुसऱ्यात जाते आणि दुसऱ्यातून निघणारी पहिल्यात, हेही त्यांनी स्वतःच्या हातानं जोडलं होतं. पण बोट उचलल्यावर, बाहेरून कोणी काही सांगत नसताना, तो एक किंवा शून्य राहतो कुठे? डबीत राहतो का, असं त्यातल्या एकीनं विचारलं. तू डिंकाच्या लाडवाचं वगैरे काहीतरी उदाहरण देशील असं मला वाटलं. तू पदर खोचलास, माझी मनगटं धरलीस आणि म्हणालीस, "टाक पाय पुढे." त्या एवढ्याशा खोलीत, तारा डागायच्या सोल्डरिंगच्या गरम इस्तऱ्या टेबलावर असताना, आपण फुगडी घातली. दोघी मागे झुकलेल्या, दोघी एकमेकींच्या भारावर. फिरता फिरताच तू मुलींना सांगत होतीस. ही मला धरून आहे म्हणून मी पडत नाही. मी हिला धरून आहे म्हणून ही पडत नाही. कुणी आम्हाला धक्का देऊन उलट फिरवलं, तर आम्ही उलट फिरत राहू, पुढचा धक्का बसेपर्यंत. पहिलं गेट दुसऱ्याला म्हणतं, मी चालू आहे, तू बंद राहा. दुसरं म्हणतं, मी बंद आहे, तू चालू राहा. दोघं एकमेकांना तेच ते सांगत राहतात. साठवण म्हणजे एवढंच.

मग माझा पाय टेबलाला लागला आणि एक इस्तरी खाली पडली. फरशीवर तिचा काळा डाग राहिला तो खोली सोडेपर्यंत.

त्यावरही मी वाद घातलाच. मी म्हटलं, चिप काही लक्षात ठेवत नाही, ती फक्त अडून बसते. तू विचारलंस, मग माणसं वेगळं काय करतात? मी चहा टाकला.

आपला खरा वाद मात्र हा नव्हे. खरा वाद सुरू झाला नानांच्या दवाखान्यात. एका संध्याकाळी मध्येच वीज गेली. फ्लिपफ्लॉप ठाम असला तरी विजेवर ठाम. ती गेली की दोघांचेही हात सुटतात. वीज परत आल्यावर तो कुठल्या बाजूला पडेल याचा नेम नसतो, म्हणून सगळ्या फ्लिपफ्लॉपांना शून्यावर आणणारी जोडणी मी पेटीत केली होती. नीटनेटकी. वीज आली, पेटीवर दोन शून्यं उजळली, आणि मंडईत भाजी विकणारी एक म्हातारी तापलेल्या नातीला उचलून घरी गेली. डॉक्टर उठून गेले की नाना शेवटी पेटी शून्यावर आणून ठेवत, हे तिला माहीत होतं. तिचा नंबर यायला दोन माणसं उरली होती. डॉक्टर आत होते.

पोर दोन दिवसांनी बरी झाली. तू बरी झाली नाहीस. नानांनी ही हकीकत सहज, गंमत म्हणून सांगितली होती. तू पेटी भिंतीवरून उतरवलीस आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसलीस. मला म्हणालीस, "पेटी खोटं बोलली सुलभा. तिला काही आठवून नव्हतं राहिलं आणि ती शून्य सांगून राहिली."

मी म्हटलं, पेट्या खोटं बोलत नाहीत. शून्य म्हणजे शून्य. नानांनी तोंडानं सांगायला हवं होतं. पण तू ऐकतेस कसली. तुझं म्हणणं, शून्य हाही एक आकडाच आहे. जो विसरला त्यानं आकडा सांगू नये, विसरलो म्हणून सांगावं. तू पेटीत आणखी एक फ्लिपफ्लॉप टाकलास, फक्त विसरल्याची आठवण ठेवायला. वीज जाऊन आली की तो आधी जागा होई आणि आकडे लुकलुकायला लागत. कुणीतरी येऊन, विचारपूस करून, खरा नंबर लावेपर्यंत ते तसेच लुकलुकत राहत.

गिऱ्हाइकांना ते मुळीच आवडलं नाही. तुमची पेटी डोळे मारते, असा एका बँकेतून निरोप आला. लोकांना बिघडलीय वाटतं, मी म्हटलं. तू म्हणालीस, बिघडलेलीच असते तेव्हा. प्रत्येक नव्या पेटीच्या वेळी आपण हेच भांडण पहिल्यापासून भांडलो. मी शून्याच्या बाजूनं, तू लुकलुकीच्या. पुढे बाहेर देशांतून आलेले व्हिडिओ प्लेअर घरोघर दिसायला लागले आणि वीज जाऊन आली की त्यांच्या घड्याळात बाराचे आकडे लुकलुकायला लागले. तेव्हा तू मला मुद्दाम एका दुकानापुढे उभी केलीस. नुसती बघत राहिलीस माझ्या तोंडाकडे. मी म्हटलं, त्यांचंही चुकतं.

शेवटी बाजारात अशा चिपा आल्या, की वीज गेली तरी नंबर विसरत नव्हत्या. तयार पेट्याही आल्या, आपल्यापेक्षा देखण्या आणि स्वस्त. मी तुला म्हटलं, घे, तुझा प्रश्नच मिटला. वीज येते, पेटी सत्तावीस दाखवते, सत्तावीसच होते. तू ती पेटी हातात फिरवून बघितलीस. म्हणालीस, "वीज गेली तेव्हा सत्तावीस होते. मधल्या काळात आत कोण कोण जाऊन आलं, ते हिला काऊन माहीत असेल? हिनं तं आणखीच लुकलुकलं पाहिजे." मी कपाळाला हात लावला. तो वाद तिथेच राहिला, कारण त्याच वर्षी आपण खोली सोडली. आपल्या मुली संगणकाचे क्लास करून डेटा एंट्रीला गेल्या. मी सॉफ्टवेअरच्या कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधायला लागले, ते काम मला फुकटातही जमलं असतं. तू डिप्लोमाच्या पोरांना फ्लिपफ्लॉप शिकवायला लागलीस. तू वर्गात फुगडी घालायचीस का, हे विचारायचं राहून गेलं.

मग हडपसरच्या पुढे मांजरीला घेतलेलं घर, तुझ्या लेकीची, प्रज्ञाची नोकरी, आणि एके दिवशी भाजी चिरताना तुझ्या मेंदूत कुठलीशी बारीक शीर फुटली. तू वाचलीस. चालायला लागलीस, जेवायला लागलीस. लहानपणचं गाव, विहिरीवरचे दगड, आईचा आवाज, हे तुला स्वच्छ आठवत होतं. पुण्याचं बहुतेक सगळं पुसलं गेलं.

मी पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा तुमच्या समोरच्या घरातल्या बाई बसल्या होत्या. तू त्यांच्याकडे बघून छान हसत होतीस, पुन्हा या म्हणत होतीस. त्यांच्याशी तुझी ओळख किती, तर जिन्यातली. मला धीर आला. प्रज्ञा तुझ्या कानाशी वाकून काहीतरी बोलली आणि मला म्हणाली, "मावशी, ये ना, आज आईचा मूड एकदम मस्त आहे." मी तुझ्यासमोर बसले. तू माझ्याकडे नीट बघितलंस. हसली नाहीस. म्हणालीस, "मी तुला ओळखलं नाही. कोण तू? सांग."

समोरच्या बाई गडबडून पिशवी उचलून गेल्या. प्रज्ञा आत गेली. मी तुला सांगितलं, मी सुलभा, आपण कसब्यात पेट्या करायचो. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मंग?" मी काकांचं सांगितलं. "मंग?" हातोड्याचं सांगितलं, फुगडीचं सांगितलं, इस्तरी पडल्याचं सांगितलं. तू हसलीस. दर वेळी तिथेच हसायचीस. पुढच्या खेपेला दारातून आत आले की पुन्हा पहिल्यापासून. ओळखलं नाही मी तुला, सांग.

मी येत राहिले, पण रत्ना, माझ्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या. कॉलेजातले तुझे सहकारी येऊन गेले, तुझी नणंद येऊन गेली, सगळे सांगत होते, रत्नानं आम्हाला लगेच ओळखलं. अगदी दूधवाल्यालासुद्धा तू या बसा म्हणायचीस. जिच्या मनगटांवर तुझ्या बोटांचे वळ उठले होते, तिला तेवढी तू कोण म्हणून विचारायचीस. हडपसरपर्यंत बसमध्ये मी खिडकीतून उसाचे फड आणि नव्या इमारती बघत बसायचे आणि कुणाला दिसू नये म्हणून डोळ्यांत कचरा गेल्याचं नाटक करायचे. कोणाला दिसणार होतं म्हणा. मला तुझी शेवटची पावती हवी होती, आणि ती तू मला सोडून सगळ्या गावाला वाटलीस.

परवा विहाराच्या हॉलमध्ये तुझं जलदान आणि पुण्यानुमोदन झालं. पाण्याची धार ताटात पडत होती, प्रज्ञानं प्रकाशभाऊंच्या हाताखाली आपला हात धरला होता. विधी आटोपल्यावर ती मला बाजूला घेऊन गेली. म्हणाली, थोड्या वेळानं तुला बोलायला लावणार आहेत, आईबद्दल दोन शब्द बोल. मी म्हटलं, ज्यांना तिनं ओळखलं त्यांना बोलू दे. ते माझ्या तोंडून निसटलं. पोर आई गमावून उभी होती आणि मी तिच्यापुढे माझं रडगाणं काढलं.

प्रज्ञा माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मावशी, आई कोणालाच ओळखत नव्हती. बाबांनासुद्धा रोज सकाळी ओळखायची की नाही, आय ॲम नॉट शुअर. लोक यायचे तेव्हा मी तिच्या कानात नाव सांगायचे आणि ती हसायची, सगळ्यांना बरं वाटायचं. तू आलीस की तुझंही नाव सांगायचे. दर वेळी सांगितलंय. तरी तुला ती म्हणायची, ओळखलं नाही. मला इतकं ऑकवर्ड व्हायचं. मी तिला म्हटलं पण एकदा, सगळ्यांसमोर हसतेस, मग मावशीसमोरच का नाही? तर म्हणाली, तिच्याजवळ नाही."

तिच्याजवळ नाही. एवढंच म्हणालीस ना तू? मी प्रज्ञाला पुन्हा विचारलं, तेवढंच म्हणाली.

रत्ना, मी आयुष्यभर चुका शोधायचं काम केलं आहे. एका वाक्यावरून एवढं मोठं अनुमान काढू नये, हे मला कळतं. तुझ्या दुखऱ्या मेंदूत काय चाललं होतं ते कुणा डॉक्टरलाही सांगता आलं नाही. मी माझ्या सोयीनं अर्थ लावते आहे असं तू म्हणशील, तर म्हण. पण मला विहाराच्या त्या कोपऱ्यात, चपलांच्या ढिगाशेजारी, एकदम दिसलं. साऱ्या जगाला तू शून्य दाखवलंस. हसरं, स्वच्छ, सगळ्यांना आवडणारं शून्य. माझ्यासमोर तू लुकलुकलीस. कुणीतरी येऊन, जवळ बसून, खरा नंबर लावेल म्हणून. आणि मी दर गुरुवारी बस पकडून येत होते, नंबर लावत होते, आणि परतताना रडत होते की ही मला ओळखत नाही.

प्रज्ञाच्या खांद्यावर डोकं ठेवून मी खूप रडले. आधी तिनं मला सावरलं, मग मी तिला.

माझं नाव पुकारलं. मी उठून माईकपाशी गेले. बोलायचं सगळं आदल्या रात्री ठरवून ठेवलं होतं. पेटी, कसबा, काका, चार चांगली वाक्यं. समोर बघितलं तर तुझी सारी माणसं. नागपूरहून आलेले भाऊ, कॉलेजातले पोरगे, काठी टेकून बसलेले आपले नाना. आणि डोक्यातलं सगळं गेलं. एक शब्द उरला नाही. रत्ना, अशा वेळी मी काय केलं असतं ते तुला माहीत आहे. थोर होत्या, मनमिळाऊ होत्या, त्यांच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली. दोन शून्यं उजळून खाली बसले असते, लोकांनी माना डोलावल्या असत्या.

मी म्हटलं, "मला काही आठवत नाहीये. मी विसरले. तुम्ही सांगा."

प्रकाशभाऊंनी मान वर केली. मला वाटलं, आता कुणीतरी येऊन मला हाताला धरून खाली बसवणार. मी माईक धरून तशीच उभी राहिले. मग मागून काठीचा आवाज आला. नाना उठत होते. उभं राहायला त्यांना दोन माणसांचा आधार लागला. म्हणाले, "मी सांगतो. ह्या दोघींची पेटी आमच्या दवाखान्यात होती. एकदा वीज गेली."

एवढं बोलून त्यांना धाप लागली आणि ते थांबले. सगळे त्यांच्याकडे वळून बघत होते. तेव्हा पहिल्या रांगेतून प्रज्ञा बोलली. ती पुण्यात जन्मली, पुण्यात वाढली, तुझी नागपूरची बोली घरात कुणी ऐकली की तिला लाज वाटायची, म्हणून तू तिच्यासमोर जपून बोलायचीस. पांढऱ्या साडीत, नाक लाल झालेलं, ती नानांकडे बघून म्हणाली,

"मंग?"